आयरिश इलिन पाइप्सची रीड घरी करताना

इलिन पाइप्स हे आयर्लंडचं पिशवीचं सुषिर वाद्य. त्याला हवा फुंकून मिळत नाही, कोपराखालच्या भात्यातून मिळते. त्यामुळे सनईची पत्ती जशी तोंडात भिजवून घेतात, तशी याची रीड, म्हणजे सूर काढणारी दोन पात्यांची पत्ती, कधीच भिजवायची नाही. तिचं सगळं गणित कोरड्या हवेवर चालतं.

नाल्याकाठचा देवनळ घ्या. शेजारचा बेशरम पोकळ असला तरी बिनकामाचा, आणि बोरू फार बारीक. पिकून पिवळा झालेला, 24-25 मिमी जाडीचा, गाठींमध्ये सरळ असलेला तुकडा हिवाळ्यात कापा आणि वर्षभर सावलीत वाळवा. उन्हात टाकला की तडकतो. नखाने साल दबली, तर अजून कच्चा आहे.

नळ उभा चिरून 13 मिमी रुंद, 95 मिमी लांब पट्टी काढा. आतून कोरा, मग 50 मिमी व्यासाच्या दांड्यावर सँडपेपर गुंडाळून घासा. बाहेरची गोलाई आतल्यापेक्षा जास्त असल्याने मधोमध साधारण 1 मिमी जाडी उरते आणि कडा पातळ होतात. पट्टीचे मधून दोन तुकडे करा, शेपटं निमुळती छाटा.

3/16 इंची, पातळ पत्र्याची पितळी नळी 50 मिमी कापून एक तोंड चपटं करा. त्यावर दोन्ही पाती समोरासमोर ठेवून मेण लावलेल्या दोऱ्याने आवळा. दोरा नळीच्या वरच्या टोकापुढे जाऊ देऊ नका. तिथे खाली आधार नसतो, पाती चेपतात आणि आवाज कोंडतो. खालचं तोंड बोटाने बंद करून हलकेच दुसरीकडून हवा ओढून बघा. फुस्स झालं तर कडा जुळलेल्या नाहीत. त्या सपाट काचेवर घासूनच दुरुस्त होतात, नुसतं मेण थापून नाही.

दोऱ्याच्या वर 5-6 मिमी रुंद तांब्याच्या पट्टीचा वेढा द्या. सपाट बाजूंनी दाबला की ओठ, म्हणजे पात्यांची वरची टोकं, मिटतात, कडांकडून दाबला की उघडतात. जास्तीत जास्त समायोजन याच वेढ्यावर करा, चाकूवर नाही.

खरी परीक्षा खरवडण्यात आहे. टोकापासून खाली निमुळता होत जाणारा भाग अगदी थोडा थोडा काढा, दोन्ही पाती सारख्या, आणि मधेमधे उजेडासमोर धरून बघा: सावली दोन्हीकडे सारखी हवी. चाकूचे चार फटके मारले की रीड चँटरमध्ये, म्हणजे बोटांनी सूर काढायच्या नळीत, बसवून वाजवा. वरचं सप्तक जड जात असेल तर अजून खरवडायला वाव आहे. मागच्या अंगठ्याच्या छिद्राचा डी हा सूर हवेच्या दाबाने खाली घसरू लागला तर पाती जास्त पातळ झाली. तेव्हा टोक पाव मिमी कापा, सूर वर येतो. रीड चँटरमध्ये आत सरकवली तरी सूर चढतो, पण वरच्या हाताचे सूर जास्त चढतात.

आणि हे सगळं कूलरसमोर बसून करू नका. ओल्या हवेत जुळवलेली रीड नवतपातल्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या, कोरड्या अंगणात वेगळीच वागते. जिथे वाजवणार, त्या हवेत ती एक रात्र ठेवा, मगच शेवटचे फटके मारा.