पहिली कयाक घेताय? खान्देशच्या पाण्यात या चुका टाळा

कयाक वल्हवणं अवघड नाही. शांत पाण्यात तासाभरात हात बसतो. नवशिके अडकतात ते परतीला. वारा समोरून येतो, ऊन चढतं, काठाला चिखल लागतो, नाहीतर उलटलेल्या बोटीत पुन्हा चढता येत नाही. म्हणून बोट घेण्यापासून पाण्यात उतरेपर्यंत दर वेळी आधी एकच विचारा: इथून परत कसं यायचं?

लांब, निमुळत्या बोटीच्या मोहात पडणं

समुद्री कयाक दिसायला देखणी असते, पण अरुंद असल्यामुळे नवख्याच्या अंगाखाली डुगडुगते. पहिली बोट 9 ते 11 फूट लांब आणि 70 ते 80 सेंटीमीटर रुंद असावी. माझं मत विचाराल तर वरून बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप घ्या. आत बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि खोल पाण्यात एकट्याला ती रिकामी करणं फार कठीण जातं. वरून बसायच्या कयाकमधलं पाणी तळाच्या आरपार भोकांतून आपोआप निघून जातं. त्या भोकांतून थोडं पाणी वर येऊन बैठक ओली होणारच, ती गळती नव्हे. मात्र बोट जड, सुस्त वाटायला लागली आणि आतून डचमळल्याचा आवाज आला, तर आधी निचऱ्याचं बूच तपासा. बहुतेक वेळा ते लावायचंच राहिलेलं असतं.

वजनाची क्षमता काठोकाठ वापरू नका. तुम्ही, पाणी आणि सामान मिळून लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशात बसायला हवं.

आपलं ऊन विसरणं

कयाकची माहितीपुस्तकं भुसावळचा मे महिना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नसतात. हवेची बोट सकाळी गच्च फुगवून काठावर उन्हात ठेवली की आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शिवणीवर ताण येतो. शिवण उसवली की ती बोट पाण्यावर भरवशाची राहत नाही. काठावर थोडी मऊच ठेवा. पाण्यात उतरल्यावर ती गार होऊन आणखी सैल पडेल, तेव्हा पंप मारून दाब पूर्ण करा. परत बाहेर काढली की लगेच थोडी हवा सोडा. दाब व्हॉल्व्हजवळ लिहिलेला असतो, तो ओलांडू नका.

कडक प्लॅस्टिकची बोट गाडीच्या टपावर पट्ट्यांनी करकचून आवळली आणि गाडी उन्हात उभी राहिली, तर तळाला खळगे पडतात. पट्टे हलणार नाहीत इतकेच आवळा. खळगा पडलाच तर बोट सुटी करून खळग्याची बाजू उन्हात ठेवा, बऱ्याचदा तो आपोआप भरून येतो. एरवी बोट सावलीत, कुशीवर ठेवावी.

आणि माणूस? उन्हाळ्यात उजाडताच उतरा, नऊच्या आत काठावर या. पाण्यावर ऊन वरून लागतं आणि खालून परावर्तित होऊनही लागतं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि माणशी किमान दोन लिटर पाणी बोटीला बांधून न्या.

वल्हं उलटं धरणं

पात्याची लांब कड वर आणि खोलगट बाजू आपल्याकडे हवी. रुंद बोटीला 230 ते 240 सेंटीमीटरचं वल्हं लागतं, आखूड असलं तर बोटांची पेरं बोटीवर आपटतात. खांदे लवकर भरून आले तर तुम्ही नुसत्या हातांनी ओढताय, कमरेतून वळा. बोट सारखी डावी-उजवीकडे फिरत असेल तर पातं कमरेशी आलं की पाण्याबाहेर काढा. हवेच्या बोटीचं मागचं पंख लावलंय का, तेही पाहा.

आधी वाऱ्याबरोबर जाणं

उन्हाळ्यात दुपारकडे आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोर धरतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वाऱ्याच्याच जोरावर. धरणाच्या फुगवट्यात वारा अडवायला काहीच नसतं. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडाकडे जा, दमल्यावर तोच वारा घरी आणतो. लाटा फेसाळू लागल्या तर उतरूच नका.

काठ न पाहता उतरणं

धरणाचं पाणी ओसरलं की काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पाय ठेवला की गुडघाभर आत. पाय अडकला तर ओढाताण न करता अंगाचा भार बोटीवर टाका आणि पाय हळूहळू काढा. मासेमार होड्या लावतात तिथेच उतरा, तिथला तळ बहुधा घट्ट असतो. त्यांनाच विचारा, "भाऊ, जाळं कुठे टाकेल आहे?" थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की लांबून वळसा घ्या. वल्हं अडकण्याचा धोका तर आहेच, पण ते जाळं कुणाचं तरी पोट आहे. बुडालेल्या बाभळींचे खुंटही हवेच्या बोटीचे वैरी.

"मला पोहता येतं" म्हणून लाइफ जॅकेट न घालणं

तापीकाठी वाढलेल्यांकडून हे फार ऐकू येतं आणि मला त्याची खरंच भीती वाटते. डोक्याला मार लागला, पायात गोळा आला की पोहणं संपतं. जॅकेट बोटीत नको, अंगावर हवं. खांद्यांवरून कुणाला तरी वर ओढायला लावा. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे.

पहिल्याच आठवड्यात छातीभर पाण्यात, सोबतीला माणूस ठेवून, मुद्दाम उलटा. बोट सरळ करा, मधोमध पकडा, पाय मागे पृष्ठभागाशी आणून जोरात मारा, पोटावर आडवे वर या, मग वळून बसा. हे पाय न टेकवता जमेपर्यंत काठ सोडू नका.

कुठेही, केव्हाही उतरणं

वाघूर धरणातून जळगावला, नकाणे-डेडरगावमधून धुळ्याला पिण्याचं पाणी जातं. त्यामुळे जलसंपदा विभाग किंवा महापालिकेची परवानगी आधी घ्या. धरणाची भिंत, दरवाजे, कालव्याचं तोंड यांच्याजवळ फिरकू नका. पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा पूर्ण वर्ज्य. हतनूरला 41 दरवाजे आहेत. ते उघडले की खालचं पात्र बघता बघता बदलतं.

शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्याच काळात हतनूरच्या फुगवट्यात, चांगदेवकडच्या तापी-पूर्णा संगमाच्या बाजूला, हिवाळी बदकं उतरलेली असतात. थवा माना उंचावून सावध झाला की तिथेच थांबा आणि वाट बदला.