शाळेच्या विज्ञानात संगणकीय मॉडेल आणताना या चुका टाळा

पैठणपासून देगलूरपर्यंत आता बऱ्याच शाळांत लोकवर्गणीतून किंवा योजनेतून आलेले संगणक आहेत, भिंतीवर स्मार्ट टीव्ही आहे, एखादा तंत्रस्नेही शिक्षकही आहे. विज्ञानाच्या तासाला सिम्युलेशन, म्हणजे एखाद्या घटनेची संगणकावरची नक्कल, लावणं त्यामुळे रुळलंय. अडचण पुढे आहे. पडद्यावर मेंढ्या पळतात, लांडगे त्यांना खातात, मुलं हसतात आणि तासिका संपते. मॉडेल म्हणजे कुणीतरी लिहिलेले नियम. मुलांनी ते नियम उघडून पाहिले नाहीत, बदलून पाहिले नाहीत, तर त्यापेक्षा व्हिडिओ बरा. निदान त्याला आवाज तरी असतो. घटक नियोजन करताना हे कुठे कुठे बिघडतं आणि कसं सावरायचं, ते पाहू.

सॉफ्टवेअर आधी ठरवणं

प्रशिक्षणात नेटलोगो हे मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर पाहिलं, आवडलं, मग त्याला साजेसा पाठ शोधायला बसायचं. इथेच गाडी रुळावरून उतरते. ओहमचा नियम शिकवायला दोन सेल, थोडी तार आणि मीटर पुरतो. तिथे मॉडेल आणून मुलांच्या हातातला खरा प्रयोग काढून घेऊ नका. मॉडेलची गरज तिथे, जिथे गोष्ट फार हळू घडते, फार मोठी असते किंवा एकाच वेळी हजारो घटक एकमेकांवर परिणाम करत असतात: साथीचा फैलाव, किडीची प्रतिकारक्षमता, धरणातला साठा. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. तो प्रयोगशाळेत सुटत असेल तर संगणक बंदच ठेवा.

चित्र बदललं म्हणजे पाठ स्थानिक झाला असं समजणं

मेंढीच्या जागी शेळी आणि लांडग्याच्या जागी बिबट्या टाकला, तरी नियम तेच राहतात. स्थानिक करायचं तर प्रश्न स्थानिक हवा. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ घ्या. नैसर्गिक निवडीसाठी दूरच्या बेटांवरचे पक्षी कशाला? २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस, पोखरला. परभणी-बीडच्या कितीतरी मुलांच्या घरात त्या वर्षीची कथा माहीत आहे.

मॉडेलचे नियम मोजकेच ठेवा. प्रत्येक पतंगाला, म्हणजे अळीपासून झालेल्या कीटकाला, जनुकाच्या दोन प्रती. दोन्ही प्रतिकारक असतील तरच अळी बीटी झाडावर जगते, बिगर-बीटी झाडावर सगळ्याच जगतात. मिलन यादृच्छिक. सरकवायच्या पट्ट्या दोन: शेताचा किती टक्के भाग बिगर-बीटी आणि हंगामात अळीच्या किती पिढ्या. पहिली पट्टी म्हणजे ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत तेव्हा येणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी, जी बहुतेक ठिकाणी पेरलीच जात नव्हती. नियम होता बिगर-बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांत जे जास्त असेल ते. तिथे साधे पतंग टिकतील आणि प्रतिकारक पतंगांशी मिलन करतील, ही कल्पना. दुसरी पट्टी म्हणजे फरदड, हंगाम संपला तरी कापूस न उपटता घेतलेलं उशिराचं पीक. कापूस शेतात जितका रेंगाळेल, तितक्या अळीच्या पिढ्या वाढतील. मुलं पहिली पट्टी शून्यावर आणतात आणि थोड्याच पिढ्यांत प्रतिकारक पतंगांचा आलेख वर चढतो. मग कुणीतरी विचारतंच, "सर, मग ती पुडी फुकट दिली होती तरी पेरली का नाही?" या प्रश्नाचं उत्तर मॉडेलमध्ये नाही. ते मुलांना कळू द्या, घरी विचारून यायला सांगा.

एकक आणि काळाची पायरी न ठरवता धरण भरणं

पैठणच्या जायकवाडी धरणावर बहुतेकांना मॉडेल करावंसं वाटतं आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. विषय सोपा आहे, नेटलोगोही लागत नाही, स्प्रेडशीट पुरते: उद्याचा साठा म्हणजे आजचा साठा, अधिक आवक, उणे कालवे, उणे पिण्याचं आणि उद्योगाचं पाणी, उणे बाष्पीभवन.

पहिला घोळ टक्केवारीचा. बातमीतली टक्केवारी जिवंत साठ्याची, म्हणजे वापरता येणाऱ्या पाण्याची असते; तळाशी उरतो तो मृतसाठा. जायकवाडीचा जिवंत साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), मृतसाठा ७३८ आणि एकूण २,९०९. बातमीत 'शून्य टक्के' असतं तेव्हाही नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी असतंच. मुलांनी २,९०९ वर टक्के काढले तर आकडे कधीच जुळणार नाहीत आणि दोष मात्र सूत्राला दिला जाईल.

दुसरा घोळ एककांचा. आवक क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), साठा दलघमीत, पुढारी बोलतात टीएमसीत (अब्ज घनफूट). १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. १ लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर साधारण २४५ दलघमी होतात. हे गणित वहीत झाल्याशिवाय संगणक सुरू करू देऊ नका.

तिसरा घोळ जरा गंमतीचा. मे महिन्यात मॉडेलमधलं धरण उणे होतं. कारणं बहुधा दोन. एक, पायरी महिन्याची ठेवली, त्यामुळे महिन्याचा उपसा एकदम वजा झाला. पायरी दिवसाची करा. दोन, बाष्पीभवन ठरावीक आकडा म्हणून टाकलं. धरण भरलेलं असताना पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर असतो. त्यावरून १ मिलिमीटर पाणी उडालं तरी ३५ कोटी लिटर गेलं. पण साठा उतरला की पसारा आकसतो आणि बाष्पीभवनही घटतं. म्हणून तो आकडा साठ्याला बांधा. दोन्ही सुधारल्यावरही साठा उणे गेला, तर मग उपसाच जास्त धरलाय. त्यावर चर्चा होऊ द्या, ती या पाठातली सर्वांत चांगली चर्चा ठरू शकते.

शेवटी रोजच्या वर्तमानपत्रातले आकडे शेजारच्या रकान्यात भरायलाच हवेत. प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून न पाहिलेलं मॉडेल म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. पैठणपासून लांबच्या शाळेने गावातली विहीर घ्यावी: दोरी, दगड, आठवड्यातून एक मोजणी.

एकदाच चालवून निष्कर्ष काढणं

उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेल्या नेटलोगोतली बहुतेक मॉडेल्स यादृच्छिक आकड्यांवर चालतात. एकाच मांडणीत पाच गटांची पाच उत्तरं येतात, आणि नेमकं शिक्षण परिषदेत दाखवताना असं झालं की शिक्षक घाबरतात. बिघाड काही नाही. प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर लिहा, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत किती अंतर आहे ते पाहा. लांडगा-मेंढी मॉडेलमध्ये गवत न धरता चालवलं तर बहुधा एक जात संपते. लांडगे संपले आणि मेंढ्या मर्यादेपलीकडे वाढल्या की पृथ्वी मेंढ्यांच्या वारशाला गेल्याचा इंग्रजी संदेश येतो. तो एरर नव्हे, लेखकाची थट्टा आहे. गवताचा पर्याय निवडला की दोन्ही संख्या बराच काळ वरखाली होत टिकतात. नववीच्या परिसंस्थेच्या पाठात हा फरक का पडतो, हाच प्रश्न विचारा.

कोडपासून सुरुवात

वर्षाचे पहिले दोन महिने आज्ञावलीत घालवले तर विज्ञान राहून जातं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या प्रोजेक्ट गट्स या उपक्रमातून पुढे आलेला क्रम चांगला आहे: आधी तयार मॉडेल वापरायचं, मग त्यातला एखादा नियम बदलायचा, मग स्वतःचं करायचं. तिसरी पायरी सगळ्यांनी गाठली पाहिजे असा हट्ट नको.

परीक्षेत बटणांची नावं विचारणं

'सेटअप बटणाचे (मॉडेल सुरुवातीला मांडणाऱ्या बटणाचे) कार्य लिहा' असा प्रश्न आकारिक मूल्यमापनात आला की पुढच्या वर्षी मुलं बटणं पाठ करतात. त्याऐवजी दोन आलेख द्या आणि कोणत्या मॉडेलमध्ये बाष्पीभवन धरलेलं नाही ते कारणासह विचारा. किंवा विचारा, या मॉडेलने काय सोडून दिलंय?

यंत्राच्या तक्रारी

इंटरनेटच्या भरवशावर तासिका ठेवू नका. नेटलोगो वेबमधून मॉडेल एचटीएमएल फाइल म्हणून उतरवता येतं, फेट (PhET) या विज्ञानाच्या मोफत संग्रहातली सिम्युलेशन्सही उतरवता येतात आणि त्यातली बरीच मराठीत आहेत. पेन ड्राइव्हवरून आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर घाला आणि उघडून पाहा. जुना संगणक अडखळत असेल तर आधी प्राण्यांची संख्या कमी करा, मग पडद्यावरचं चित्र ताजं होणं बंद करा. आलेख चालू राहतो.

वीज गेली तर? बोंडअळीचा पाठ तुरीच्या आणि हरभऱ्याच्या दाण्यांवरही होतो. तूर म्हणजे प्रतिकारक जनुक, हरभरा म्हणजे साधं. पिशवीतून न पाहता दोन-दोन दाणे काढायचे, दोन्ही तुरीचे आले तरच ती अळी बीटीवर जगली असं धरायचं आणि वहीत नोंद करायची. खरं तर वीज असली तरी पहिल्या तासिकेला दाणेच घ्या. संगणकावर जे धावतं ते काय आहे, हे मुलांना हातानं केल्यावर लवकर कळतं.