‘ज्युलियस सीझर’चा अभ्यास: कोण कोणाला काय पटवतो

शेक्सपिअरचं हे नाटक पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण सीझरच्या मागे लागतात. रोमचा हा सत्ताधीश तर तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात कटवाल्यांच्या हातून मरतो आणि त्या कटात सामील झालेल्या ब्रूटसच्या मानाने त्याच्या तोंडी संवादही फार कमी आहेत. नाटक उभं आहे ते एका आरोपावर: सीझर महत्त्वाकांक्षी आहे. हा आरोप कोण करतो, कोणाला पटवतो आणि पुरावा काय देतो, एवढं धरून वाचलं की वाट सापडते.

पहिलं वाचन सलग करा, शब्दार्थासाठी थांबू नका. मोठ्याने वाचलं तर साधारण अडीच-तीन तास लागतात. दुसऱ्या वाचनाला पाच प्रवेश पुरेत: १.२, २.१, २.२, ३.१ आणि ३.२ (आधी अंक, मग प्रवेश). वहीत तीन रकाने आखा: बोलणाऱ्याचा हेतू, ऐकणाऱ्याची दुखरी नस, दिलेला पुरावा. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहील. तो का कोरा राहिला, हेच तुमच्या उत्तराचं मूळ.

१.२ मध्ये कटाचा सूत्रधार कॅशियस ब्रूटसला दोन प्रसंग सांगतो. टायबर नदीत पोहताना सीझर दमला आणि ‘वाचव’ म्हणून ओरडला. स्पेनमध्ये तापाने थरथरत त्याने पाणी मागितलं. यातून अशक्तपणा दिसतो, महत्त्वाकांक्षा नाही. खरी सल वेगळीच आहे: हा आपल्यासारखाच माणूस, मग डोक्यावर का बसला? पण ब्रूटससमोर मत्सर चालणार नाही हे कॅशियसला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो मानाची आणि राजाला थारा न देणाऱ्या पूर्वज ब्रूटसची भाषा बोलतो. प्रवेशाच्या शेवटी, एकटा असताना, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चिठ्ठ्या लिहून ब्रूटसच्या खिडकीतून टाकण्याचा बेत तो उघड सांगतो. या स्वगताला खूण करून ठेवा.

याच प्रवेशात सीझरच्या जवळच्या अँटनीने त्याला मुकुट तीनदा देऊ केल्याचा प्रसंग येतो, पण तो रंगमंचावर घडतच नाही. पुढे कटात येणारा कास्का तो सांगतो, तोही कुचकट सुरात: तिन्ही वेळा नाकारला, पण दर वेळी थोडा जास्त नाइलाजाने. आरोपाला जो काही आधार आहे तो असा ऐकीव.

२.१ मधल्या ब्रूटसच्या स्वगतात निष्कर्ष पहिल्याच ओळीत येतो, सीझरला मरावंच लागेल, कारणं मागाहून. वैयक्तिक राग नाही, आणि सीझरच्या विवेकावर भावनेने मात केलेली पाहिली नाही, हेही तो कबूल करतो. उरतं ते ‘पुढे बदलू शकेल’. सापाचं अंडं फुटण्याआधीच ठेचावं, असं म्हणून तो मोकळा होतो. ‘खोट्या पत्रामुळे ब्रूटस कटात सामील झाला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास दिसतं. रंगमंचावर ते पत्र या स्वगतानंतर येतं. मात्र अशा चिठ्ठ्या आधीही मिळाल्याचं तो म्हणतो, तेव्हा सगळा भार पत्रावर टाकू नका आणि पत्र बादही करू नका.

पुढचा मुद्दा गाइडांत क्वचितच नीट येतो. कट कॅशियसचा, पण कारभार ब्रूटसचा. शपथ नको, कटात वक्ता सिसरो नको, अँटनीला मारायचं नाही, सीझरच्या अंत्यविधीत अँटनीला बोलू द्यायचं आणि चौथ्या अंकात शेवटच्या लढाईसाठी फिलिपीकडे कूच करायचं: पाचही वेळा कॅशियसला माघार घ्यावी लागते. कारण कास्का १.३ मध्येच सांगून ठेवतो: आमच्या हातून जो गुन्हा दिसेल, तो ब्रूटसच्या नावाने सद्गुण ठरेल. ज्याच्या अब्रूवर कट उभा आहे, त्याला नाही कसं म्हणणार?

कटातल्या डीशियसला फार वेळ देऊ नका. २.२ मध्ये सीझरची बायको कॅल्पर्निया हिच्या भयानक स्वप्नाचा तो शुभ अर्थ लावतो, मुकुटाचं आमिष दाखवतो आणि ‘घाबरला’ म्हणतील असा टोमणा मारतो. सीझर सिनेटकडे निघतो.

खरा वेळ ३.२ मधल्या, खुनानंतर जमावापुढे केलेल्या दोन भाषणांना द्या. ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. ब्रूटसचं भाषण रेखीव आहे, पण सीझर महत्त्वाकांक्षी होता याचं एकही उदाहरण त्यात नाही. लोक मात्र इतके खूश होतात की एक जण ‘यालाच सीझर करा’ म्हणतो. राजा नको म्हणून खून करणाऱ्याला ही दाद!

अँटनीवर अटी आहेत: कटवाल्यांना दोष द्यायचा नाही, परवानगीने बोलतोय हे सांगायचं, ब्रूटसनंतर त्याच व्यासपीठावरून बोलायचं. अटींचा शब्द न मोडता तो त्यांचा अर्थच उलटवतो. आधी सीझरने आणलेल्या खंडण्या, गरिबांसाठी ढाळलेले अश्रू आणि नाकारलेला मुकुट ही तीन उदाहरणं. मधेमधे ‘ब्रूटस सन्मान्य माणूस आहे’, दर वेळी अधिक बोचरं. मग रडण्याच्या निमित्ताने तो मधेच थांबतो. तेवढ्यात गर्दी आपापसात बोलून स्वतःलाच पटवते. सीझरचं मृत्युपत्र दाखवतो, वाचत नाही. व्यासपीठावरून खाली उतरतो, लोकांना प्रेताभोवती कडं करायला लावतो आणि झग्यावरचं एकेक भोक दाखवतो: हे कॅशियसचं, हे कास्काचं, हे ब्रूटसचं. खुनाच्या वेळी कटातल्या ट्रेबोनियसने अँटनीला बाहेर नेलं होतं, म्हणजे कोणता वार कोणाचा हे त्याने पाहिलेलंच नाही! हा तपशील उत्तरात आला की परीक्षकाची मान वर होते. जमाव धावत सुटल्यावर तो परत बोलावतो, मृत्युपत्र राहिलं की! त्यात लोकांसाठी माणशी ७५ द्राख्मा (नाणी) आणि टायबरकाठच्या बागा.

म्हणून ‘ब्रूटस बुद्धीला, अँटनी भावनेला आवाहन करतो’ हे तयार उत्तर अर्धकच्चं आहे. उदाहरणं अँटनीच देतो. आणि ४.१ विसरू नका: तोच अँटनी आपला साथीदार लेपिडस याला मृत्युपत्र आणायला पाठवतो, देणग्यांत काटछाट करता येईल का हे पाहायला.

इतिहास आणि नाटक यांची सरमिसळ टाळा. नाटक १५९९ च्या सुमाराचं, आधार प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कच्या चरित्रांचा. खून इसवी सनपूर्व ४४ चा, फिलिपीची लढाई ४२ ची. नाटकात खून आणि दोन्ही भाषणं एकाच दिवशी येतात. प्रत्यक्षात अंत्यविधी काही दिवसांनी झाला. प्लूटार्ककडे जखमा २३ आहेत, पाचव्या अंकात सीझरचा वारस ऑक्टेव्हियस ३३ म्हणतो. नाटकावरच्या उत्तरात आकडा द्यायचाच तर ३३ द्या, आणि तो कोणाच्या तोंडचा आहे तेही लिहा.