टबातला भात: गणपतीला गावी निघण्याआधी पाणी बघा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला, सव्वाशे दिवसांचा भात ऑगस्टअखेर पोटरीत येतो, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात फुगते. पावसाची उघडीपही त्याच सुमारास पडते आणि चाकरमान्यांच्या घरांना कुलूपही तेव्हाच लागतं. गच्चीवर, बाल्कनीत, कमळाच्या टाक्यांत शोभेसाठी लावलेला जांभळ्या पानांचा भात या आठ दिवसांत वाया गेलेला मी दरवर्षी पाहतो.

"पावसाळ्यात भाताला पाणी कसलं घालायचं?" असं लोक विचारतात. खाचराला वरच्या खाचराचा पाझर असतो, खाली ओल असते. टबाला यातलं काहीच नाही. बाल्कनीवर छप्पर असेल तर बाहेर धो-धो पाऊस पडूनही टबात थेंब जात नाही.

काठीला खुणा करून मी मोजलं आहे. भरलेल्या चुडांचा (रोपांच्या झुपक्यांचा) टब कडक उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी ओढतो, वारा असला तर जास्तच. म्हणजे ५ सेंमी पाणी ठेवून निघालात तर पाचव्या दिवशी चिखल उघडा पडतो. पोटरीत एकदा चिखलाला भेगा गेल्या की लोंबी अर्धवट निसवते (बाहेर पडते), दाणे पळींज, म्हणजे पोकळ राहतात. परत आल्यावर बादल्या ओतून ते भरून येत नाही.

शिफारस सांगते: रोपं रुजेपर्यंत २ ते ३ सेंमी, फुटव्यांच्या वेळी ५ सेंमी, पोटरीपासून दाणा भरेपर्यंत ५ ते १० सेंमी पाणी. टबासाठी मी या दिवसांत १० च धरतो.

गावी जाणार असाल तर आजच हे करा. २० लिटरचा पाण्याचा जार भरून टबात उपडा बसवा. त्याचं तोंड चिखलापासून ५ सेंमी वर राहील अशा दोन विटा खाली द्या आणि जार दोरीने कठड्याला पक्का बांधा. पातळी तोंडाखाली गेली की हवा आत शिरते, पाणी बाहेर येतं. दीड फुटी टबाला दिवसाला साधारण दीड लिटर लागतं, तेव्हा आठवडा सहज निघतो. जार नसेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. सकाळी आठलाच पानं गुंडाळलेली दिसली तर उशीर झाला समजा.

आता दुकानदाराचं. पांढरी पडलेली लोंबी दाखवलीत की तो खोडकिडा म्हणून दाणेदार औषध हातात ठेवतो. आधी ती लोंबी वर ओढा. अलगद निघून आली आणि बुडाशी कुरतडल्याची खूण दिसली तर खोडकिडा. तो चूड कापून टाका. घट्ट बसली असेल तर टब कोरडा पडला होता का, हे आठवा. ते औषध पाण्यात पडलं तर डासांसाठी सोडलेले गप्पी मासे मरतील. महागड्या कोकोपीटच्या पिशव्याही नकोत, ते पाण्यावर तरंगतं. खाचरातली किंवा तळ्याकाठची चिकट माती घ्या.

बाकीची कामं, पुढच्या हंगामासाठी:
- बियाणं: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगेल ते फेका, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत सुकवा.
- टब: भोक नसलेला, माती १५ ते २० सेंमी.
- लावणी: २१ ते २५ दिवसांची रोपं, चुडात २-३.
- खत: चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी), ७ ते १० सेंमी खोल. वर टाकू नका.
- ऊन: निदान सहा तास. सावलीत जांभळा रंग फिका पडतो.

एक माझा अंदाज. जुन्या, गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) वाणांचा टब रात्रभर पेटणाऱ्या दिव्याखाली ठेवला तर निसवण लांबते. या वाणांना रात्र लांब झाल्याचं कळावं लागतं. दिवसा ऊन मिळेल पण रात्री दिव्याचा उजेड पोचणार नाही अशा कोपऱ्याला टब सरकवून बघा.

दाणे पिवळे झाले की कापणीआधी ८-१० दिवस पाणी काढायचं, पण त्याआधी मासे दुसऱ्या टाकीत हलवा.