पुरात घर सोडावं लागलं तर या चुका टाळा

जुलै लागला की कोल्हापुरात जो भेटंल तो एकच विचारतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट झालं? 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. पण 43 झालं तर रात्री जायचं कुठं, सोबत काय घ्यायचं आणि पाणी उतरल्यावर मदतीसाठी कुणाकडं जायचं हे विचारलं की निम्मी गल्ली गप्प. आमच्या तालमीची पोरं पुरात लोकांना बाहेर काढायला आणि निवारा केंद्रावर नोंदी घ्यायला असतात. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा माणसं त्याच त्याच चुका करून हाल काढताना बघितली, म्हणून हे लिहितोय.

"गेल्या वेळी इथवरच आलेलं"

या एका वाक्यानं जेवढी माणसं अडकली तेवढी दुसऱ्या कशानं अडकली नसतील. 2005 ला पाणी अमुक पायरीपर्यंत आलं म्हणून 2019 ला लोक सामान माडीवर चढवून तिथंच बसले, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं. मग 2021 ला "2019 एवढं काय आता परत येत नाही" म्हणून बसले, आणि ते ऑगस्टची वाट न बघता जुलैतच झपाट्यानं चढलं. माडीवर बसलेल्या माणसाला लाईट नाही, प्यायला पाणी नाही, मोबाईल बंद, आणि मग अंधारात बोट मागवायची. 2019 ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ती आठवा. गुडघाभर पाणी असताना चालत निघणं आणि छातीभर पाण्यात बोटीत चढणं यात फार फरक आहे, त्यात म्हातारं माणूस असलं तर विचारूच नका.

मी काय करतो ते सांगतो. दाराच्या चौकटीला ऑइल पेंटनं रेघ मारून ठेवलीय, बाजूला साल आणि त्या वेळी बंधाऱ्याला किती फूट होतं ते. त्यामुळं आपल्या गल्लीच्या तोंडाला कितव्या फुटाला पाणी लागतं हे कुणाला विचारायला लागत नाही. त्याच्या चार फूट आधी म्हातारी माणसं, लहान पोरं, गरोदर बायका आणि जनावरं बाहेर काढायची, दोन फूट आधी बाकी सगळे. आता रेघ नसली तर गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

व्हॉट्सअॅपवर "राधानगरीचं दार उघडलं" असं आलं की पळापळ करणारे पण असतात. राधानगरीची दारं स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एका दारातनं 1428 क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटतं. एक दार उघडलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण सगळी दारं बंद आहेत म्हणून निवांत झोपायचं पण नाही, कारण कुंभी, कासारी, तुळशीचं पाणी पंचगंगेतच येतं आणि धरणाखाली पडणारा पाऊस कुठल्या दारानं अडत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 नंबर आहे, त्याला फोन लावा, पुढं पाठवलेल्या मेसेजवर जाऊ नका.

जनावरांसाठी मागं राहणारे काका-मामा प्रत्येक गावात असतात. त्यांना रागवून उपयोग नाही, दावणीची म्हस सोडून कोण येतंय? आधी जनावरांची सोय करा, माणूस आपोआप मागनं येतं. उंचावरच्या गावातल्या पावण्याला जूनमध्येच शब्द टाकून ठेवायचा आणि वैरण तिकडं नेऊन ठेवायची. आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला पुनर्वसनाच्या जागा मिळाल्या, तिथं निदान शेड उभी असली तरी पावसाळ्यात किती आधार होतो ते तिथल्या माणसांनाच विचारा.

पाहुण्याकडं गेला आणि नोंदच केली नाही

बहुतेक लोकांना केंद्रावर राहायला नको वाटतं. सुतारवाड्यातली माणसं वर्षानुवर्षं चित्रदुर्ग मठात जातात, त्यांना सवय आहे, पण बाकीच्यांना बहिणीचं घर बरं वाटतं. जावा की, कोण नको म्हणतंय? पण जाताना तलाठ्याला, ग्रामसेवकाला किंवा शहरात असाल तर पालिकेच्या वॉर्डातल्या माणसाला नाव, माणसं किती, कुठं चाललाय हे सांगून, लिहून घेऊन मगच जावा. पाणी उतरल्यावर स्थलांतरितांच्या यादीत आपलं नाव नाही म्हणून भांडत बसणारी मंडळी मला प्रत्येक पुरात भेटतात, आणि त्यांचं भांडण खरं असलं तरी कागद नसतो.

पंचनाम्याआधी घर धुऊन मोकळं

ही चूक बघितली की जीव तुटतो, कारण ती चांगल्या, कष्टाळू माणसांकडनंच होते. 2019 ची गोष्ट. शाहूपुरीत एक कुटुंब भाड्यानं राहायचं, नवरा वर्कशॉपला, वैनी शिवणकाम करायच्या, रेशन कार्ड गडहिंग्लजकडच्या गावचं. पुरात ते पाचगावला बहिणीकडं गेले. पाणी उतरल्या उतरल्या परत आले आणि वैनींनी कंबर कसून दिवसभरात घर लख्ख केलं. गाद्या, फुगलेलं कपाट, मशीनचं टेबल सगळं रस्त्यावर, संध्याकाळी पालिकेच्या ट्रॉलीनं उचलून नेलं. पंचनाम्याचं पथक आलं तेव्हा फरशी चकाचक आणि खोली रिकामी. काय नुकसान झालं? दाखवायला काय नाही. इथं राहत होता याचा पुरावा? रेशन कार्ड गावचं, लाईट बिल मालकाच्या नावाचं, भाड्याचा करारच नाही. यादीत घरमालकाचं नाव आलं, यांचं नाही. वैनी पायरीवर बसून रडत होत्या, धुतलं नसतं तर पोरं कुठं झोपली असती म्हणत होत्या, आणि त्यांचं पण बरोबरच होतं.

कामाला काय आलं माहीताय? थोरल्या पोरानं मामेभावाला पाठवायला म्हणून आल्या आल्या मोबाईलवर काढलेले दोन-तीन फोटो. एका फोटोत भिंतीवरचं कॅलेंडर होतं, ऑगस्टचं पान निम्म्यापर्यंत भिजून फुगलेलं, त्याच उंचीवर भिंतीवर चिखलाची रेघ, आणि खाली शिलाई मशीन आडवी पडलेली. त्या फोटोची प्रिंट, पोराच्या शाळेचा पत्त्याचा दाखला, गॅसचं पुस्तक आणि शेजाऱ्यांच्या सह्या लावून परत अर्ज केला. पैसे मिळाले, पण शेजाऱ्यांचे मिळून खर्च होऊन गेल्यावर लई उशिरानं.

म्हणून झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाईल घ्या. प्रत्येक खोलीचे चारी बाजूंनी फोटो, पाण्याची रेघ दिसंल असे, एका फोटोत घरातलं माणूस उभं असू दे, आणि दारापासनं आतपर्यंत एक सलग व्हिडिओ. लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. चिखल काढा, वास मारतोय ते फेका, पण कपाट, फ्रिज, मशीन अशा मोठ्या वस्तू पंचनामा होईपर्यंत अंगणात ठेवा. भाडेकरूंनी मे महिन्यातच त्या पत्त्याचा एक तरी कागद स्वतःच्या नावाचा करून घ्यावा. आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो वाचा, फोटो काढून घ्या. सायेब गडबडीत असतात म्हणून कोऱ्या जागेखाली सही करायची नाही.

अजून एक, पाण्यात असताना उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंती पण पाणी उतरून ऊन पडलं की पडतात. पंचनाम्यात "अंशतः नुकसान" लिहिलं जातं आणि पुढच्या आठवड्यात मागची अख्खी भिंत खाली येते. लोक म्हणतात आता काय, नोंद झाली की. तसं नाही, लगेच फोटो काढून तहसील ऑफिसला फेरपंचनाम्याचा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. आणि भेगा पडलेल्या मातीच्या घरात झोपायला जाऊ नका, केंद्रावर चार दिवस जास्त राहिला म्हणून कुणी हाकलत नाही.

मदतीच्या रकमेचं पण जुन्या पुरावरनं गणित मांडू नका. 2019 ला पाणी शिरलेल्या कुटुंबांना ग्रामीण भागात 10 हजार, शहरात 15 हजार जाहीर झाले, त्यातले 5 हजार रोख. 2021 ला 10 हजार. 2019 ला घर पूर्ण पडलेल्यांना भाड्यापोटी ग्रामीण भागात 24 हजार आणि शहरात 36 हजार जाहीर झाले होते, पण किती जणांना ते माहीतच नव्हतं. प्रत्येक पुराचा जीआर, म्हणजे सरकारी आदेश, वेगळा निघतो, तो वाचा किंवा वाचणाऱ्याला गाठा. आणि फॉर्म भरून देतो म्हणून पाचशे रुपये मागणाऱ्याला दारात उभं करू नका. रांगेत उभं राहायचा कंटाळा करणारेच त्यांच्या हाताला लागतात, आणि मग आधारची झेरॉक्स कुठं कुठं फिरते देव जाणे.

भाड्याची खोली बघताना घाई नको. पूर ओसरला की सगळेच खोली शोधतात, मालक डिपॉझिट वाढवतात. खोली बघायला गेला की शेजारच्या दुकानदाराला एकच विचारा, 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलेलं. पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी ही उंचावरची बाजू आहे, स्वस्त मिळते म्हणून परत नाल्याकाठाला जाऊ नका. दोन-तीन महिन्यांचंच लिहून घ्या, अकरा महिन्यांच्या डिपॉझिटमध्ये अडकू नका, पावती घ्या, खोली न बघता फोनवरनं अॅडव्हान्स पाठवू नका. आणि उंचावर गेला तरी नळाला पाणी येईल असं धरून चालू नका, 2019 ला शिंगणापूर आणि बालिंग्याचे पंपच पाण्यात गेल्यावर अख्ख्या शहराला टँकर बघायला लागला.

बाकीचं थोडक्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी पिशवीत सगळ्यात वर ठेवा. रेशन कार्ड, आधार, सातबारा, पासबुक प्लॅस्टिकच्या डब्यात, फोटो डिजिलॉकरला आणि मोबाईलवर. शिरोलीला हायवे बंद व्हायच्या आधी गाडीत पेट्रोल भरा, नंतर मिळत नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल मारून बघू नका, आधी मेकॅनिक. विमा असंल तर साफसफाईच्या आधी कंपनीला कळवा. घरात परत गेला की मेन स्विच वायरमननं बघितल्याशिवाय लावायचा नाही. पायाला जखम असंल तर चिखलात उतरू नका, लेप्टोचा (उंदरांच्या मुतानं घाण झालेल्या पाण्यातनं होणारा) ताप आला की अंगावर काढू नका.

आणि बँकेचं खातं. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, तिचे जुने आयएफएससी कोड 1 जुलै 2021 पासून बंद झाले आणि पूर त्याच महिन्यात आला, जुन्या पासबुकावरचा कोड लिहिलेला फॉर्म असला की पैसे अडकणारच. मे महिन्यातच एकदा बँकेत जावा, पासबुक नवीन भरून घ्या, आधार जोडलंय का बघा, खातं चालू राहावं म्हणून शे-दोनशेचा व्यवहार करा. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना पण सोबत न्या, कारण बऱ्याचदा घर त्यांच्या नावावर असतं आणि खातं बंद पडलेलं असतं.