खाजगी शाळेत ॲडमिशन घेताय? आधी एवढं विचारा

खाजगी शाळा म्हटलं की डोळ्यासमोर टाय, स्कूलबस आणि भरमसाट फीच येते, पण आपल्याकडे खाजगी म्हणजे तेवढंच नाही. टिळक, आगरकर, चिपळूणकरांची पुण्यातली १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल खाजगीच होती आणि कर्मवीरांनी १९१९ ला काढलेली रयत शिक्षण संस्था पण खाजगीच, गोरगरिबांची पोरं शिकली ती अशा संस्थांमुळे. म्हणून नुसतं खाजगी आहे एवढ्यावर शाळा चांगली-वाईट ठरवू नका.

सगळ्यात आधी विचारा, अनुदानित की विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? अनुदानित म्हणजे संस्था खाजगी पण शिक्षकांचा पगार सरकारचा, त्यामुळे फी नाममात्र. बाकी दोन्हीत सगळा खर्च पालकांच्या फीवर. आणि हे लक्षात ठेवा, बऱ्याच जुन्या शाळांमधे एक तुकडी अनुदानित आणि शेजारचीच सेमी इंग्लिशची विनाअनुदानित असते, तर तुमच्या मुलाला नक्की कुठल्या तुकडीत घेतायत ते आधीच क्लिअर करा.

मग मान्यता. शाळेचा युडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) मागा, ११ आकडी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, ऑनलाइन टाकून बघा. बोर्डावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलं म्हणजे सीबीएसईची संलग्नता आहे असं अजिबात नाही, संलग्नता नंबर मागा.

फीचं म्हणाल तर २०११ चा फी नियमन कायदा आहे, फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, तेव्हा मंजूर फीचा तपशील मागायला लाजू नका आणि प्रत्येक पैशाची पावती घ्याच. डोनेशन मागणं, ॲडमिशनसाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं हे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १३ नुसार चालत नाही.

उत्पन्न वर्षाला लाखाच्या आत असेल किंवा वंचित घटकात येत असाल तर विनाअनुदानित शाळांतल्या आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन फॉर्म भराच, निवड लॉटरीने होते, फी आठवीपर्यंत लागत नाही (अल्पसंख्याक शाळांना मात्र हे लागू नाही). फॉर्म सुटायच्या आधीच जन्मदाखला, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढून ठेवा, कारण ऐनवेळी तहसीलच्या चकरा मारण्यात तारीख निघून जाते आणि मुलाचा हक्काचा चान्स जातो, खूप वाईट वाटतं असं बघून.

आणि शेवटचं, मान्यता कितवीपर्यंत आहे ते पण विचारा, चौथीपर्यंतच असेल तर पाचवीला परत शाळा शोधत फिरावं लागेल.