सराफी काट्यावर इन्सुलिन पंप: दहा युनिट खरंच दहा भरतात का?

आम्ही विट्याचे गलाईवाले. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यामुळं घरात मिलिग्रॅम दाखवणारा काटा नवलाचा नाही. लेकीला टाइप वन डायबेटिस आहे. तिला इन्सुलिन पंप, म्हणजे बारीक नळीतून दिवसभर अंगात इन्सुलिन सोडणारं छोटं यंत्र, बसवला तेव्हा डोक्यात धंद्यातलाच प्रश्न आला: पडद्यावर दहा युनिट दिसतात, पण वजनाला किती भरतात?

हिशेब सोपा आहे. पंपात यू-१०० इन्सुलिन असतं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट. एक युनिट म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम, दहा युनिट १०० मिलिग्रॅम. जुन्या मापात एक गुंजसुद्धा नाही. आपल्याकडं मेडिकलमध्ये यू-४० च्या कुप्याही सर्रास मिळतात. त्या पंपात कधीच भरायच्या नाहीत. पंप आपलं मोजमाप बरोबर करेल, पण अंगात जाईल चाळीस टक्केच औषध.

परीक्षा सेट बदलायच्या वेळी करा. सेट म्हणजे पंपाची नळी आणि कातडीखाली बसणारी तिची बारीक नळकांडी, कॅन्युला. नळी अंगापासून सुटली आहे, हे डोळ्यांनी बघून मगच बटणाला हात लावा. पंप आपोआप डोस ठरवणारा असेल तर तो मोड आधी बंद करा. बोलस, म्हणजे जेवणाला किंवा साखर उतरवायला एकदम द्यायचा डोस, देऊन तपासू नका. ते इन्सुलिन अंगात गेलं असं पंप धरून चालतो आणि पुढचे काही तास सुचवलेला डोस कमी येतो. कॅन्युला भरायची जी सोय असते तिच्यात आकडा आपण टाकायचा असतो आणि ते इन्सुलिन अंगात गेल्याचं पंप धरत नाही. पाच-पाच युनिट दोनदा सोडा. तुमच्या पंपावर ही सोय कशी चालते, ते डॉक्टरांना किंवा पंप शिकवणाऱ्या ताईंना आधी विचारून घ्या.

आता काटा. पंखा बंद, काट्याच्या काचा बंद, काटा अर्धा तास आधी चालू. १०० मिलिग्रॅमचं वजन ठेवून तो खरं बोलतो का बघा. औषधाच्या कुपीचं छोटं टोपण आणि त्यावर बसेल असं झाकण ठेवून शून्य करा. नवीन रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची नळकांडी) बसवल्यावर दट्ट्याची ढिलाई निघेपर्यंत पहिले काही युनिट वाया जाऊ द्या. मग नळीचं टोक टोपणाच्या आतल्या कडेला टेकवून कोरडं करा, टोपणातलं पुसून पुन्हा शून्य करा, युनिट सोडा, थोडं थांबा आणि टोक परत त्याच कडेला टेकवून उचला. सगळी गोम इथं आहे. टोकाला लटकलेला एक थेंब सहज एक-दोन युनिटांचा असतो. तो राहिला की पंप चोर ठरतो, आणि आधीचा पडला की पंप उदार. झाकण लावून लगेच वजन घ्या. प्रयोगशाळेत नळीचं टोक पाण्यात बुडवून वर तेलाचा थर देतात, कारण त्यांची मोजणी तासन्‌तास चालते आणि पाणी उडून जातं. आपलं काम दोन मिनिटांचं, झाकण पुरतं.

कंपन्या साधारण ±५ टक्क्यांचा दावा करतात. म्हणजे ९५ ते १०५ मिलिग्रॅम आलं तर तक्रारीला जागा नाही. त्यात काट्याची स्वतःची एक-दोन मिलिग्रॅमची चूकही धरा. एका वजनावर निकाल देऊ नका. पुन्हा पुन्हा एकाच बाजूला, नव्वदच्या आसपास भरत असेल, तर तारीख, वजनं आणि सेटचा लॉट नंबर लिहून कंपनीला कळवा.

पण हा काटा बेसलचं, म्हणजे पंप दिवसभर थोडं थोडं सोडत राहतो त्या इन्सुलिनचं, काही सांगत नाही. तासाला अर्धा युनिट म्हणजे ५ मिलिग्रॅम, तेही पंप बारीक बारीक ठिपक्यांनी सोडतो. एकेक ठिपका कमी-जास्त होतोच, तासा-तासांची बेरीज जुळत जाते. ±५ टक्के हा आकडा त्या बेरजेचा आहे, प्रत्येक ठिपक्याचा नव्हे. लहान मुलांचं बेसल मुळातच कमी, म्हणून त्यांच्यात हा चढउतार जास्त जाणवतो.

आणि खरं सांगू? पंप बहुधा इमानदार निघतो. माप मारतात ती नळी आणि कॅन्युला. इंचभर हवेचा बुडबुडा म्हणजे जवळपास अर्धा युनिट गायब. फ्रिजमधली गार कुपी तशीच भरली की इन्सुलिन कोमट होताना त्यात विरघळलेली हवा बाहेर येते. म्हणून कुपी आधी बाहेर काढून ठेवा. विमानात हवेचा दाब उतरतो तेव्हाही बुडबुडे धरतात, तिथं उड्डाणानंतर नळी बघून घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात नळी कपड्याबाहेर लोंबू देऊ नका. वजन बरोबर भरेल, पण तापलेल्या इन्सुलिनची ताकद गेलेली असेल आणि ते कुठलाच काटा दाखवत नाही. आमच्या भट्टीच्या खोलीत तर लेकीला मी फिरकूच देत नाही.

नळी तुंबल्याचा अलार्म दाब वाढल्यावर वाजतो. बेसल कमी असेल तर तेवढा दाब साठायला काही तास जातात आणि पंप तोवर सगळं दिलं म्हणून सांगत राहतो. म्हणून साखर कारण नसताना २५० च्या वर गेली आणि बोलसनं उतरेना, तर अलार्मची वाट बघू नका. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारे घातक आम्लासारखे पदार्थ) तपासा, डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेननं किंवा यू-१०० च्या सिरिंजनं द्या, सेट बदला. पंपात फक्त झटपट चालणारं इन्सुलिन असतं, त्यामुळं पुरवठा तुटला की अंगात मागं शिल्लक काही राहत नाही. कीटोन जास्त असतील किंवा उलट्या सुरू झाल्या तर सरळ दवाखाना गाठा. काढलेला सेट लगेच फेकू नका. कॅन्युला वाकलीय का, टोकाशी रक्त आहे का, ते उजेडात धरून बघा आणि वजनांच्या वहीतच लिहा.